स्वप्नं विचारणारे हिवराळे

हिवराळेंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस चुकून दवाखान्यात शिरलेला एस.टी.चा कंडक्टर असावा, असंच मला वाटलं. एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून माझा तो पहिला दिवस. एचआयव्हीच्या गोळ्या जिथे फुकट मिळतात त्या जागेला सरकारी भाषेत एआरटी केंद्र म्हणतात. लोकांच्या भाषेत तिला नावच नाही, लोक नुसतं 'तिकडं' म्हणतात. व्हरांड्यातल्या बाकांवर पंधरा-वीस माणसं मान खाली घालून बसली होती आणि रक्त घ्यायच्या खोलीच्या दारात एक उंच, सावळा, कडक इस्त्रीचा माणूस उभा राहून ओरडत होता, "मलकापूर! चला, मलकापूरवाले!" दोघं उठून आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा दारात, "दुसरबीड! दुसरबीडचं कोन हाय?"

मी तोंडाला पदर लावून हसले. दुपारी त्यांनीच मला समजावलं. "ताई, नाव पुकारलं का सारा व्हरांडा ते नाव घरी घेऊन जाते. गाडीचं नाव कोनी घरी नेत नाई." शिवाय ज्याची परतीची गाडी आधी, त्याचं रक्त आधी. सबंध जिल्ह्याचं एस.टी.चं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं. कुठली गाडी बंद झाली, कुठली आता फक्त बाजाराच्या दिवशी सुटते, हे डेपोतल्या माणसानंही त्यांना विचारावं. मी समाजकार्याची पदवी घेऊन पुण्याहून परतलेली, गोपनीयतेवर पन्नास पानं लिहिलेली. त्या पन्नास पानांत ही युक्ती कुठेच नव्हती.

हिवराळे आमचे लॅब टेक्निशियन. पंचावन्नच्या आसपासचे, आणि तरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी त्यांचा नवा आदेश निघायचा, म्हणजे हा सगळ्यांत जुना माणूस कागदावर नेहमी सगळ्यांत नवा असायचा. बूट असे चमकवलेले की रोग्यांनी खाली घातलेली मान त्यातच दिसावी. पौर्णिमेला पांढरा सदरा, कारण संध्याकाळी विहारात जायचं असे. डबा मात्र ते कधी आमच्याबरोबर खात नसत. व्हरांड्याच्या पायरीवर रोग्यांमध्ये बसायचे, भाकरी मोडायचे आणि शेजारच्यापुढे ठेचा सरकवायचे. घरात ज्याचं ताट वेगळं काढलंय असा माणूस त्या ठेच्याकडे कसा बघतो, ते मी बघितलं आहे.

माणसं ते चेहऱ्यानं नाही, शिरेनं ओळखत. वर्षभरानं आलेल्या बाईची बाही वर सरली की म्हणायचे, "हे त पळणारी शीर. मागच्या खेपेले लय दमवलं होतं हिनं." एखादा रोगी गोळ्या सोडून गायब झाला आणि त्यानं दिलेल्या पत्त्यावर मी शोधून हात हलवत परत आले, की म्हणायचे, "शीर सापडते ताई. माणूस नाई सापडत."

आणि ते स्वप्नं विचारायचे.

रबरी पट्टी दंडाला बांधायची, "मूठ आवळ" म्हणायचं, बोटानं शीर चाचपायची आणि सुई उचलता उचलता अगदी सहज विचारायचं, "सपनं कशे पडतात तुमाले?" माणूस गोंधळायचा. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, आता कुठले सपनं साहेब. तोवर सुई आत गेलेली असायची. मग "मूठ सोड." संपलं. आमचा फार्मासिस्ट त्यांना 'ज्योतिषीबुवा' म्हणायचा आणि आपला हात पुढे करून आपलं स्वप्न सांगायचा, ते सांगण्यासारखं कधीच नसे. मी समजत होते की सुईचं दुखणं विसरायला लावायची ही त्यांची रीत आहे. शिकलेल्या माणसाला एखादं साधं कारण सापडलं की तो पुढचं शोधत नाही, तसं माझं झालं.

पुढे एका पाहणीचं काम आमच्याकडे आलं. एचआयव्हीच्या गोळ्या अर्धवट घेतल्या, मध्येच सोडल्या, की विषाणूला त्या गोळीची ओळख होते आणि मग तो तिला जुमानत नाही. असा निर्ढावलेला विषाणू एकाकडून दुसऱ्याला लागला, तर त्या दुसऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा गोळी घेतली तरी ती वायाच जायची. असं किती होतंय हे बघायचं, म्हणून ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नाही अशाच नव्या रोग्यांचं रक्त घ्यायचं होतं. फॉर्म मी भरायचा. त्यात प्रश्न होता: याआधी या आजाराच्या गोळ्या घेतल्या आहेत का? 'नाही' असेल तर रक्ताचे पाच थेंब जाड कागदाच्या कार्डावरच्या पाच गोलांत सोडायचे, सुकवायचे आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. कार्डावर नाव नाही, फक्त क्रमांक.

ती कार्डं सुकवणं हा हिवराळेंचा सोहळा असायचा. पंखा बंद, खिडकी अर्धी, उदबत्ती लावायची नाही, कुणी जोरात चालायचं नाही. मेहंदी काढलेल्या बाईनं हात वर धरून बसावं, तसे ते कार्डं मांडून घामाघूम होऊन चार-चार तास बसत. मुंगी आली तर तिला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यानं अलगद दुसरीकडे नेऊन सोडत.

त्याच दिवसांत मलकापूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर आला. माझ्यासमोर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, कधीच गोळी घेतली नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि त्याला आत पाठवलं. हिवराळेंनी पट्टी बांधली आणि विचारलं, सपनं कशे पडतात? तो म्हणाला, "आता नाई पडत. मागं लय पडे. रंगीत. मी पान्याच्या खालून ट्रक चालवून राह्यलो, अन् बाजूनं मासे ओव्हरटेक करून राह्यले."

"कवा पडे?"

"गुजरातेत होतो तवा."

हिवराळेंनी सुई खाली ठेवली. "किती दिवस घेतल्या बे गोळ्या तिकडं?"

सहा महिने घेतल्या होत्या, दुसऱ्या नावानं. मग सोडून दिल्या होत्या. त्या काळच्या गोळीत असं एक औषध होतं की झोपताना घेतली की माणसाला विलक्षण, लखलखीत स्वप्नं पडत. हिवराळेंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. शेकडो दंडांना पट्टी बांधता बांधता त्यांना ते कळलं होतं. गोळ्या घेतल्या का म्हटलं की माणूस घाबरून नाही म्हणतो, स्वप्नाबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही. त्यांनी त्या ड्रायव्हरच्या क्रमांकाचं कार्ड माझ्यासमोर फाडलं. "फॉर्मावर खोटं लिहून खरं रक्त पाठोलं, तरी ते खोटंच होते ताई." त्या दिवसापासून मी फार्मासिस्टच्या 'ज्योतिषीबुवा'च्या विनोदाला हसणं सोडलं.

आता मंदाबाईंचं सांगायचं. नाव मी बदललं आहे, बाकी काही बदलावंसं वाटत नाही.

पिंपळगाव राजाकडचे एक गृहस्थ दर महिन्याला गोळ्यांची बाटली न्यायला येत. उरलेल्या गोळ्या मोजायच्या, महिन्याला एकही कमी-जास्त होता कामा नये, असा नेम आहे. त्यांची मोजणी कधी चुकली नाही. मी त्यांच्या कार्डावर 'उत्तम' असा शेरा मारायची आणि इतरांना त्यांचं उदाहरण द्यायची. वजन तेवढं वाढत नव्हतं. मी म्हणायची, शेतातली कामं आहेत, चालायचंच. बायकोला तपासायला आणा म्हटलं की म्हणायचे, "आनतो मॅडम, पोरीचं लगन होऊन जाऊ द्या."

पोरीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांनी ते बायकोला घेऊन आले. ते बाहेर बाकावर बसले, त्या आत आल्या. बारीक, नीटनेटक्या, बोलायच्या आधी पदर सावरणाऱ्या. आपल्याला आजार आहे हे त्यांना वर्षभर आधीच कळलं होतं, खामगावात एका खाजगी लॅबमध्ये गुपचूप तपासून. मी फॉर्म उघडून विचारलं, याआधी गोळ्या घेतल्या आहेत का? त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "नाई." चेहरा वाचता येतो असा मला तेव्हा गर्व होता. मी 'नाही'वर खूण केली.

हिवराळेंनी पट्टी बांधली. मी फॉर्म घेऊन दारातच उभी होते.

"मूठ आवळ माय. सपनं कशे पडतात तुले?"

मंदाबाई लाजल्या. "पडतात ना जी, लय सुंदर पडतात. पन एक दिवसाआड."

"एक दिवसाआड?"

"हाव. एक दिवस मले, एक दिवस यायले."

हिवराळेंनी पट्टी सोडली, स्टूल पुढे ओढलं आणि त्यांचा हात हातात घेऊनच पुढचं विचारलं. लेकीची सोयरीक चालू होती. दोघंही 'तिकडं' दिसले असते तर गावानं दोन अधिक दोन केले असते आणि पोर घरात राहिली असती. म्हणून एकाच बाटलीत दोघांनी भागवलं. एका दिवशी नवरा, दुसऱ्या दिवशी बायको. वर्षभर असंच चाललं. बाटली महिन्याला बरोबर रिकामी व्हायची आणि मी 'उत्तम' लिहायची.

"मंग मॅडमले नाई काऊन म्हनलं?" हिवराळेंनी विचारलं.

त्या खरोखर चकित झाल्या. "मी कुठं घेतल्या जी? त्या यायच्या होत्या. यायनं मले त्यातल्या देल्या."

मी आजवर हजारदा ते उत्तर मनात फिरवून पाहिलं आहे. त्यात खोटं कुठेच नाही. घरातली भाकरी नवऱ्याची, साडी नवऱ्यानं आणलेली, गोळी तरी हिची कशी असेल? चूक विचारणारीची होती, म्हणजे माझी.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "हिवराळे, स्वप्नावरून औषध बदलता येत नाही. नेहमीच्या गोळ्या सुरू करू. सहा महिन्यांनी तपासू. लागू पडल्या नाहीत, तर मग वर लिहून पाठवू." विषाणू निर्ढावला आहे की नाही हे सुरुवातीलाच सांगणारी तपासणी आमच्यासाठी नव्हतीच. ती फक्त त्या पाहणीत होत होती. आणि पाहणीत मंदाबाई बसत नव्हत्या, कारण त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या.

मी फॉर्मवरची खूण खोडायला पेन उघडलं. हिवराळेंनी त्यावर हात ठेवला. मुंगीसुद्धा न मारणारा, ड्रायव्हरचं कार्ड फाडून टाकणारा हा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "'नाही'च राहू द्या ताई. तिचं रक्त जाऊ द्या. क्रमांक मी ध्यानात ठेवतो."

त्यांनी पाच गोल भरले. त्या दिवशी ते चारच्या जागी सहा तास बसले.

मंदाबाईंनी मग स्वतःच्या बाटलीतल्या गोळ्या सुरू केल्या, रोज, न चुकता. मोजणी बरोबर यायची. पण वजन उतरत गेलं. तिसऱ्या महिन्यात ताप, मग खोकला, मग टीबी. हिवराळे दर सोमवारी प्रयोगशाळेला फोन लावायचे. पलीकडची बाई कंटाळून म्हणायची, "अहो, ही पाहणी आहे, पेशंटचा रिपोर्ट नाही." हिवराळे म्हणायचे, "हो मॅडम. पन बाई खरी हाय ना." सहा महिन्यांची तपासणी झाली, वर लिहून गेलं, वरून आणखी दोन कागद मागितले गेले. शेवटच्या खेपेला मंदाबाईंची शीर हिवराळेंनासुद्धा सापडली नाही. त्यांनी मनगट, मग पाय, सगळीकडे पाहिलं आणि शेवटी तसाच हात त्यांच्या हातावर ठेवून बसून राहिले. मंदाबाई म्हणाल्या, "आता रोज पडतात हो सपनं." दिलासा देत होत्या त्या, आम्हांला.

त्यानंतर आठव्या दिवशी त्या गेल्या.

पाहणीचा तक्ता आला तो त्यानंतर तीन महिन्यांनी. नुसते क्रमांक होते. हिवराळेंनी बोट न फिरवता थेट तो क्रमांक गाठला. विषाणू निर्ढावलेला होता, नेहमीच्या गोळ्या निरुपयोगी होत्या. हिवराळेंना सुई टोचायच्या आधी जे कळलं होतं, तेच तिथे सही-शिक्क्यानिशी आलं होतं. त्याच्यापुढच्या रकान्यात लिहिलं होतं: पूर्वी गोळ्या घेतलेल्या नाहीत. म्हणजे ज्यानं कधी गोळी पाहिलीच नाही अशा माणसातही आमच्या जिल्ह्यात असा विषाणू आढळला, असं आता कुठेतरी मोजलं जाणार होतं. ती खूण माझ्या हातची होती.

नवऱ्याच्या रक्तातही तेच असणार, त्याला तरी सांगायला हवं म्हणून आम्ही दोघं पिंपळगाव राजाच्या गाडीत बसलो. ते घरीच होते. आम्हांला पाहताच त्यांनी आत जाऊन बाटली आणली आणि हिवराळेंच्या हातात दिली. मोजायला आलो असं त्यांना वाटलं असावं.

"रोज घेतो साहेब आता. खंड नाई. बाटली पुरी माह्या एकट्याचीच झाली ना."

हिवराळेंनी बाटली उघडली नाही. ज्या गोळ्यांनी काही होणार नव्हतं त्या हा माणूस निष्ठेनं खात होता. पुढच्या आठवड्यात केंद्रात या, डॉक्टर औषध बदलायला वर लिहितील, एवढं मीच सांगितलं. परतीच्या गाडीत हिवराळे खिडकीशी बसले होते. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "मले कळलं होतं ताई. पट्टी बांधतानाच कळलं होतं. कळून काय उपेग झाला?" पुण्यात शिकलेली सगळी उत्तरं मी मनात चाळून पाहिली आणि बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. त्या क्रमांकाचं उत्तर खोटं आहे, बाईनं वर्षभर गोळ्या घेतल्या होत्या, हे ठाऊक असून आपण ते खोडू दिलं नाही, असं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. माझंही घाला, असं मी म्हटलं, पण फार जोरात म्हटलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. पत्राची प्रत वर गेली. कुणी रागावलं नाही, कुणी चौकशी केली नाही. फक्त अकरा महिने भरले तेव्हा नवा आदेश निघाला नाही.

पुढच्या वर्षी नवी गोळी आली. जुन्या गोळ्यांना न जुमानणारा विषाणू हिला बहुतेक वेळा जुमानतो. मंदाबाईंच्या नवऱ्याला ती मिळाली, ते आहेत, वजनही भरलं आहे. हिनं तशी स्वप्नंही पडत नाहीत म्हणे. एक वर्ष. एवढंच कमी पडलं, आणि त्याबद्दल कुणावर चिडावं हे मला अजून कळलेलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. हिवराळेंच्या शेवटच्या दिवशी बूट तसेच चमकत होते. ते दारात उभे राहिले, "दुसरबीड!" म्हणाले, आणि विशीतली एक पोर उठली. हातातला लग्नाचा चुडाही उतरला नव्हता. आजार आठवड्यापूर्वीच कळलेला. नवी असली तरी बाकावरच्या बायकांनी तिला सगळं सांगून ठेवलं असावं, की आतले काका भले आहेत, दुखू देत नाहीत, स्वप्नं विचारतात.

त्यांनी पट्टी बांधली. "मूठ आवळ." शीर चाचपली. सुई उचलली. मी दारात फॉर्म घेऊन थांबले होते, नेहमीसारखी. सुई आत गेली, नळीत रक्त चढू लागलं, आणि हिवराळे काहीच बोलले नाहीत. पोरीनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, पुन्हा त्यांच्याकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "मला सपनं नाही विचारले?"

"राहू दे माय," हिवराळे म्हणाले. "मूठ सोड."